ऑफिसच्या मेलवर देखरेख ठेवायची तर

मेलवर देखरेख ठेवायची असं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?’ तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी एका कागदावर लिहून काढा, की भीती नेमकी कशाची आहे. ग्राहकांची यादी बाहेर जाण्याची? खोट्या बिलाच्या मेलला भुलून पैसे भलत्याच खात्यात जाण्याची? व्हायरसची? की उद्या कोर्टात जुना पत्रव्यवहार दाखवावा लागला आणि तो सापडलाच नाही, तर याची?

या चारही भीतींवर इलाज वेगवेगळे आहेत. यादी बाहेर जाऊ नये म्हणून बाहेर जाणारं आपोआप फॉरवर्डिंग बंद करायचं आणि मजकूर तपासणारे नियम लावायचे. खोट्या बिलांसाठी येणाऱ्या मेलची पडताळणी, म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्या नावाच्या डोमेनवरून आला का, हे तपासण्याच्या तीन पद्धती); शिवाय बँक खातं बदलल्याचं कळवणारा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. व्हायरससाठी अटॅचमेंटवर बंधनं. कोर्टासाठी जतन करण्याचं धोरण. यांतल्या एकाही इलाजात कोणी बसून दुसऱ्याचे मेल वाचत नाही, आणि बहुतेक ऑफिसांचं काम एवढ्यावर भागतं. कागदावर ‘लोक दिवसभर काय करतात ते कळावं’ असं उतरलं असेल, तर ते मेलच्या कक्षेतलं कामच नाही. कमी मेल पाठवणारा माणूस जास्त काम करत असू शकतो.

काय दिसतं आणि किती खोलवर

देखरेखीचे तीन थर धरून चाला. पहिला नोंदींचा: कोणी, कोणाला, कधी, कोणत्या विषयाचा, केवढा मेल पाठवला आणि तो पोचला की अडकला. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे मेसेज ट्रेसमध्ये मिळतं आणि ९० दिवस मागे जाता येतं. गूगल वर्कस्पेसमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलच्या ईमेल लॉग सर्चमध्ये तेच दिसतं. ‘मेल मिळालाच नाही’ ही तक्रार असो की ‘ही फाइल कोणी बाहेर पाठवली’ ही शंका, सुरुवात इथून करायची आणि शक्यतो शेवटही इथेच. एक सावधगिरी मात्र हवी. विषयाची ओळ नोंदीत दिसते, पण ती मजकूरच असते. ‘शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज’ एवढी ओळ वाचली तरी माणसाच्या तब्येतीची बातमी फुटते. म्हणून नोंदी बघण्याचा अधिकारसुद्धा दोन-तीन जणांपुरताच ठेवा.

दुसरा थर मजकुराचा. गूगलमध्ये व्हॉल्ट आणि मायक्रोसॉफ्टमध्ये पर्व्ह्यूचं ई-डिस्कव्हरी ही त्यासाठीची साधनं. व्हॉल्ट सगळ्या प्लॅनमध्ये येत नाही. बिझनेस स्टार्टर आणि स्टँडर्डमध्ये ते नसतं, आणि हे बरेचदा गरज पडते त्या दिवशीच लक्षात येतं. जतनाचा नियम लावला नसेल तर पुसलेले मेल फार काळ मिळत नाहीत. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, त्यानंतर अ‍ॅडमिनला परत आणता येतात ते आणखी २५ दिवस. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये कायमचा पुसलेला मेल मूळ सेटिंगनुसार १४ दिवस मिळतो. ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. त्याआधी गेलेलं कोणत्याही महागड्या साधनाने परत येत नाही, म्हणून जतनाचा नियम पहिल्या दिवशी लावायचा.

तिसरा थर उपकरणाचा: स्क्रीनचे फोटो घेणारे, कीबोर्डवरची प्रत्येक कळ टिपणारे एजंट, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेले छोटे प्रोग्राम. आमचं मत विचाराल तर मेलच्या देखरेखीसाठी हा थर लावूच नये. त्यात कर्मचाऱ्याचा बँकेचा पासवर्डही टिपला जातो, आणि मग तो सांभाळायची जबाबदारी कंपनीच्या गळ्यात पडते. तो साठा चोरीला गेला, तर मूळ भीतीपेक्षा मोठं प्रकरण उभं राहतं.

आधी लेखी सूचना, मग बटण

गुपचूप देखरेख करून नंतर ‘नियमावलीत लिहिलं होतं’ म्हणणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. कायद्याच्या नजरेतही ते टिकेलच असं नाही. बारबुलेस्कू विरुद्ध रुमानिया हा खटला एचआरवाल्यांनी जरूर माहीत करून घ्यावा. ग्राहकांच्या चौकशांसाठी उघडलेल्या याहू मेसेंजर खात्यावरून बारबुलेस्कू या कर्मचाऱ्याने भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी खाजगी गप्पा मारल्या होत्या. कंपनीने त्या टिपल्या आणि २००७ मध्ये त्याला काढून टाकलं. खाजगी वापराला बंदी होती, हे खरंच होतं. तरीही ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. देखरेख होणार, ती कितपत होणार आणि मजकुरापर्यंत जाणार, हे त्याला आधी कळवलं होतं का, याचा छडा रुमानियातल्या कोर्टांनी नीट लावलाच नव्हता. कमी घुसखोरीचा मार्ग होता का, हेही तपासलं नव्हतं. ‘खाजगी वापर करू नये’ एवढ्या एका वाक्यातून ‘आम्ही तुमचे मेल वाचू’ असा अर्थ निघत नाही, हा त्यातून घ्यायचा कामाचा धडा.

देशादेशांत फरक आहेत. अमेरिकेत १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी अ‍ॅक्टमध्ये संमती आणि स्वतःची यंत्रणा चालवणारा या दोन अपवादांमुळे मालकाला बरीच मोकळीक मिळते; पण न्यूयॉर्क राज्यात ७ मे २०२२ पासून नोकरीवर घेतानाच लेखी सूचना देऊन तिची पोच घ्यावी लागते. फ्रान्समध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच ठरवलं, की कर्मचाऱ्याने खाजगी म्हणून वेगळा ओळखू येईल असा ठेवलेला पत्रव्यवहार मालकाने उघडायचा नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, म्हणजे व्यापारी गुपितं सांभाळणं वगैरे, संमतीशिवाय माहिती वापरण्याची तरतूद कलम ७ मध्ये आहे. म्हणून सूचना द्यायचीच नाही असा अर्थ काढू नका. ज्या देशात तुमचा माणूस बसतो तिथल्या वकिलाकडून मसुदा एकदा वाचून घ्या.

सूचना एका पानाची असावी आणि तिच्यात आकडे असावेत. तिचा गाभा असा लिहिता येईल:

‘कंपनीच्या खात्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची नोंद (पाठवणारा, घेणारा, वेळ, विषय, आकार) होते आणि ९० दिवसांनी ती पुसली जाते. बाहेर जाणारे मेल कार्ड नंबर आणि ग्राहक यादी यांसाठी यंत्राकडून तपासले जातात. अडलेला मेल माहिती सुरक्षा विभागातली नेमलेली दोन माणसं बघू शकतात. याखेरीज कोणाच्याही मेलबॉक्सचा मजकूर उघडला जात नाही. उघडायचा झाल्यास लेखी कारण आणि एचआर व माहिती सुरक्षा अशा दोघांच्या सह्या लागतात. किरकोळ खाजगी वापर चालेल. असे मेल “खाजगी” नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. हरकत असल्यास अमुक अधिकाऱ्याकडे नोंदवावी.’

यात जे लिहाल ते प्रत्यक्षात सेट झालं पाहिजे. ९० दिवस लिहून नोंदी तीन वर्षं पडून राहिल्या, तर हाच कागद उद्या तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल. मुदतीबाबत कोणत्या दिशेने वारं वाहतंय ते सांगायचं, तर इटलीच्या विदा संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या मेलच्या नोंदी साधारण २१ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत असं मार्गदर्शन केलं. जास्त ठेवायच्या तर कारण दाखवावं लागतं.

आपोआप फॉरवर्ड: पहिलं भोक इथेच असतं

एकच बंधन घालायचं असेल तर हे घाला. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होणं तीन ठिकाणांहून चालू असू शकतं: मेलबॉक्सची स्वतःची फॉरवर्डिंग सेटिंग, कर्मचाऱ्याने केलेला इनबॉक्सचा नियम किंवा फिल्टर, आणि अ‍ॅडमिनने कधीकाळी लावून विसरलेला सर्व्हरचा नियम. तिन्ही तपासावी लागतात. एकच बघून ‘बंद आहे’ म्हणू नका.

मायक्रोसॉफ्टमध्ये ही बंदी बाहेर जाणाऱ्या स्पॅमच्या धोरणात असते आणि मूळ सेटिंग बाहेरचं फॉरवर्डिंग अडवणारीच आहे. अडलेला मेल ५५० ५.७.५२० या कोडने परत येतो, तेव्हा हेल्पडेस्कवाल्यांना हा आकडा सांगून ठेवा. गूगलमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलमधून अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, एंड युजर अ‍ॅक्सेस असं जाऊन ऑटोमॅटिक फॉरवर्डिंगची खूण काढायची. त्यानंतर आधीपासून चालू असलेल्या एखाद्या खात्यावर चाचणीचा मेल पाठवून तो खरंच थांबला का ते बघा. यात विसरली जाणारी एक गोष्ट म्हणजे फॉरवर्डची खरी गरज: बाहेरच्या तिकीट प्रणालीत जाणारे सपोर्टचे मेल, बाहेरच्या हिशोबनिसाकडे जाणारी बिलं. बंदी लागली की ही कामं मुकाट्याने थांबतात आणि चार दिवसांनी ओरड होते. आधी चालू असलेल्या फॉरवर्डची यादी काढा, खरी गरज असलेल्या मेलबॉक्सपुरतं वेगळं धोरण करा आणि मगच सरसकट बंदी लावा.

ही यादी काढताना नियमांची नावंही वाचा. चोराने खातं ताब्यात घेतलं की तो बरेचदा आधी एक नियम करून ठेवतो: ‘इनव्हॉइस’, ‘पेमेंट’ असे शब्द असलेले मेल वाचलेले म्हणून खूण करून आरएसएस फीड्ससारख्या कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचे. नियमाचं नाव नुसता एक टिंब, नाहीतर दोन-तीन टिंबं. असा नियम दिसला तर कर्मचाऱ्याला जाब विचारू नका. त्याचं खातं फुटलेलं असण्याची शक्यता जास्त. आधी पासवर्ड बदला, मग चालू लॉगिन रद्द करा.

फॉरवर्डिंग बंद करूनही पाठीमागचं दार उघडं राहतं ते आयमॅप, पॉप (दुसऱ्या प्रोग्राममध्ये मेल उतरवून घेण्याच्या पद्धती) आणि बाहेरच्या अ‍ॅप्सना दिलेल्या परवानग्यांमुळे. ‘मेल वाचण्याची परवानगी द्या’ वर एकदा होय म्हटलं की एखादं मोफत कॅलेंडर अ‍ॅप अख्खा मेलबॉक्स वाचू शकतं. पासवर्ड बदलला म्हणून ही परवानगी जाईल असं धरून चालू नका. ती वेगळी काढावी लागते. अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय नवं अ‍ॅप जोडता येणार नाही असं सेट करा.

अटॅचमेंट

‘फाइल २० एमबीची, मर्यादा २५ ची, तरी मेल परत आला’ ही तक्रार हमखास येते. मेलमधून जाताना फाइल बेस ६४ मध्ये बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीच्या मर्यादेत प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासची फाइल जाते. सूचनेत हाच आकडा लिहा. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, आयएसओ हे प्रकार सरसकट अडवायला हरकत नाही. पासवर्ड लावलेली झिप मात्र अडवून ठेवायची आणि माणसाने बघून सोडायची, कारण तपासणाऱ्या यंत्राला तिच्या आतलं दिसत नाही. अडवण्याआधी मोठ्या फाइलसाठी कंपनीची शेअर लिंक द्यायची सोय सुरू झालेली हवी. ती नसेल तर तीच फाइल कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपने जाईल, आणि मग ती कुठे गेली ते कोणत्याच नोंदीत दिसणार नाही.

मजकूर तपासणारे नियम

माहिती गळती रोखणारे, म्हणजे डीएलपीचे नियम इथे येतात, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. उदाहरण म्हणून कार्ड नंबर अडवण्याचा नियम घेऊ. ‘सलग १६ आकडे दिसले की अडव’ असा नियम लावला तर कुरियरचे ट्रॅकिंग नंबर, बिलांचे क्रमांक, यंत्रांचे सीरियल नंबर सगळे अडकतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून पहिली सुधारणा लून तपासणीची: कार्ड नंबरातला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे मनाला येईल तसे लिहिलेल्या दहा नंबरांतला सरासरी एकच या चाळणीतून पार होतो. दुसरी सुधारणा शेजारच्या शब्दांची: नंबराच्या आजूबाजूच्या ३०० अक्षरांत ‘एक्स्पायरी’, ‘सीव्हीव्ही’, ‘कार्ड’ असं काही आहे का? तिसरी संख्येची: एक नंबर सापडला तर फक्त इशारा, दहा सापडले तर अडव. ग्राहकाने चौकशीत स्वतःचा नंबर लिहिला आणि उत्तरात तो खाली तसाच गेला, हा एका नंबरचा प्रकार. यादी बाहेर जाते तेव्हा नंबर शंभराने असतात. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल दोन्हीकडे कार्ड नंबराचा तयार नमुना असतो. तोच घ्या, स्वतः पॅटर्न लिहीत बसू नका.

शब्दांवर आधारलेले नियम याहून फसवे. ‘गोपनीय’ शब्द असलेला मेल अडवायचा असं ठरवलं आणि कंपनीच्या प्रत्येक मेलखाली ‘हा संदेश गोपनीय असून...’ ही तळटीप असली, तर पहिल्याच सकाळी सगळी कंपनी ठप्प. तळटीप वगळा किंवा शब्द किमान दोनदा यावा अशी अट घाला. मराठीत आणखी अडचणी आहेत. एकच शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, आणि रोमनमध्येही चार स्पेलिंगांनी लिहिला जातो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरं असतात आणि नियमाला त्यातलं काही कळत नाही. स्कॅन केलेला कागद किंवा स्क्रीनचा फोटो ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचण्याची सोय) चालू नसेल तर सरळ निघून जातो. म्हणून शब्दांपेक्षा दुसरी खूण धरा: ग्राहक यादीच्या फाइलला संवेदनशीलतेचं लेबल लावा आणि नियम लेबलवर चालवा.

कोणताही नियम आधी दोन-तीन आठवडे फक्त नोंद करण्याच्या पद्धतीत चालवा, अडवू नका. या काळात सापडलेला प्रत्येक मेल उघडायची गरज नसते. नियमाला नेमकं काय सापडलं तेवढा भाग बघा. निम्म्याहून जास्त फुकटचे असतील तर नियम परत घडवा. मग दुसरा टप्पा: मेल लिहितानाच इशारा दाखवायचा आणि कारण लिहून पुढे जाण्याची मुभा द्यायची. चुकून जाणाऱ्या मेलवर हा टप्पा सगळ्यात उपयोगी, कारण पाठवणारा स्वतःच थबकतो. पूर्ण अडवणूक फक्त मोठ्या संख्येच्या प्रकारांसाठी ठेवा. साहेबांच्या मंजुरीसाठी मेल थांबवून ठेवण्याचा पर्यायही असतो. तो घेतलात तर मंजुरी देणारे दोघं नेमा. एकटा रजेवर गेला की मेल मुदत संपून रद्द होतो आणि निविदेची तारीख निघून जाते.

इशारे कोणाकडे जातात हेही ठरवा. प्रत्येक इशारा एकाच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडू लागला, की तो आठवडाभरात ते सगळे एका फोल्डरमध्ये ढकलणारा नियम करतो आणि देखरेख कागदावर उरते.

खाजगी जीमेल आणि खाजगी फोन

ऑफिसच्या नेटवर्कवरून खाजगी वेबमेल बंद करायची मागणी होते. साधी फायरवॉल फक्त साइटचं नाव बघते, आतला मजकूर तिला दिसत नाही. कंपनीचा मेल जीमेलवरच असेल तर ते नाव अडवून कंपनीचाच मेल बंद पडेल. मग उरतो प्रॉक्सीचा, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्या मधल्या सर्व्हरचा मार्ग: प्रॉक्सी प्रत्येक विनंतीत ‘एवढ्याच डोमेनला लॉगिन करू द्या’ असं सांगणारं हेडर (एक जादा ओळ) घालते आणि खाजगी खात्याचं लॉगिन नाकारलं जातं. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघंही हे ओळखतात. पण हेडर घालण्यासाठी प्रॉक्सीला एन्क्रिप्ट केलेली वाहतूक मध्येच उलगडावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट (प्रॉक्सीवर विश्वास ठेव असं कॉम्प्युटरला सांगणारी फाइल) बसवावं लागतं. ते बसलं की वेबवरचं इतर बरंच काहीसुद्धा प्रॉक्सीला दिसू लागतं. बँका, दवाखाने, सरकारी सेवा यांची वगळलेली यादी पहिल्याच दिवशी लावा. स्वतःचंच सर्टिफिकेट मानणारी काही अ‍ॅप्स बंद पडतील, त्यांनाही वगळावं लागेल. एवढा खटाटोप करून माणूस खिशातल्या फोनवर तेच खातं उघडतोच. अत्यंत संवेदनशील माहिती हाताळणारा एखादा विभाग सोडला तर याच्या मागे लागू नये.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल द्यायचा असेल तर अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल करा. त्यात कंपनीला फक्त कामाचा कप्पा दिसतो आणि तेवढाच पुसता येतो. फोनच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये एक्सचेंजचं खातं जोडलेलं असेल, तर रिमोट वाइपची आज्ञा अख्खा फोन कोरा करू शकते, घरचे फोटोही त्यात जातात. फक्त खातं पुसण्याचा पर्याय वेगळा असतो. तोच वापरायचा, हे हेल्पडेस्कच्या भिंतीवर लिहून ठेवा.

मेलबॉक्स उघडायची वेळ आली तर

ठोस संशय आहे, नोंदींवरून भागत नाही, तेव्हाच इथे या. मागणी लेखी हवी आणि ती अरुंद हवी. ‘अमक्याचा मेलबॉक्स द्या’ ही मागणी परत पाठवायची. ‘१ ते १५ मार्च, फक्त बाहेर गेलेले मेल, अमुक डोमेनला, अटॅचमेंटसह’ ही मागणी चालेल. मागणारा, मंजूर करणारा आणि शोध घेणारा ही तीन वेगळी माणसं असावीत. चौकशी ज्या साहेबाच्या तक्रारीवरून सुरू झाली, त्याला कच्चे मेल चाळायला देऊ नका.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी होल्ड लावा, म्हणजे कर्मचाऱ्याने पुसलं तरी प्रत राहते, शोध नंतर. मेलबॉक्सचा पूर्ण अ‍ॅक्सेस घेऊन आउटलुकमध्ये उघडणं हा सोपा पण वाईट मार्ग. न वाचलेले मेल वाचलेले होतात, कर्मचाऱ्याला सुगावा लागतो, आणि पुराव्याला हात लागल्याचा आक्षेप येतो. त्यापेक्षा ई-डिस्कव्हरी किंवा व्हॉल्टमधून शोधा, निकाल एक्स्पोर्ट करा, फाइलचं एसएचए-२५६ हॅश मूल्य (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून अर्जावर लिहा. शोधातूनच ‘खाजगी’ फोल्डर, वकिलाशी, डॉक्टरशी, कामगार संघटनेशी आणि तक्रार निवारण समितीशी झालेला पत्रव्यवहार वगळा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टेनगार्ट खटल्यात कंपनीच्या लॅपटॉपवरून, पण स्वतःच्या याहू खात्याने वकिलाला पाठवलेले मेल कंपनीने वाचणं चूक ठरवलं होतं. ब्राउझरमध्ये लॉगिन राहिलेलं खाजगी खातं तर उघडायचंच नाही, लॅपटॉप कंपनीचा असला तरी.

कुंपणच शेत खातं तेव्हा काय, याचीही सोय हवी. कोणत्याही अ‍ॅडमिनने स्वतःला दुसऱ्याच्या मेलबॉक्सचा हक्क दिला किंवा व्हॉल्टमध्ये शोध केला, तर त्याचा इशारा आयटीबाहेरच्या एका माणसाकडे गेला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या साध्या प्लॅनमध्ये ऑडिटच्या, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदी १८० दिवस राहतात. चौकशी सुरू झाली की लगेच काढून ठेवा.

मेलबॉक्स उघडण्याची बरीच निमित्तं मुळातच टाळता येतात. माणूस आजारी पडला आणि ग्राहकाची ऑर्डर त्याच्या नावाच्या खात्यात अडकली, हे नेहमीचं निमित्त. खरेदी, विक्री, हिशोब यांना माणसाच्या नावाचे पत्ते देऊच नका. विभागाच्या नावाचा शेअर मेलबॉक्स करा. फिनलंडच्या कायद्यात तर मालकाने आधी आपोआप उत्तर, पर्यायी पत्ता अशी सोय करून द्यावी आणि मगच गैरहजर माणसाचे मेल ठरलेल्या पायऱ्यांनी शोधावेत, अशी व्यवस्था आहे.

राजीनामा दिलेल्या माणसाच्या बाबतीत शेवटच्या दिवसाआधी त्याला खाजगी मेल आणि संपर्क काढून घ्यायला वेळ द्या, कोणाच्या तरी देखत. मग लॉगिन बंद करून चालू सत्रं रद्द करा. नुसता पासवर्ड बदलून उघडं सत्र काही काळ चालूच राहतं. मेल साहेबांकडे वळवण्यापेक्षा ‘ही व्यक्ती आता इथे नाही, यापुढे या पत्त्यावर लिहा’ असं उत्तर महिना-दोन महिने लावा. खातं घाईने डिलीट करू नका: मायक्रोसॉफ्टमध्ये ते ३० दिवसांत आणि गूगलमध्ये २० दिवसांतच परत आणता येतं.

तुम्ही कर्मचारी असाल तर

ऑफिसच्या खात्यावरचा कोणताही मेल कंपनी तांत्रिकदृष्ट्या वाचू शकते, तुम्ही पुसलात तरी. ब्राउझरची खाजगी खिडकी हे लपवत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमच्या बँकेच्या साइटच्या पत्त्याशेजारच्या खुणेवर (काही ब्राउझरांत कुलूप) क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलं ते बघा; तिथे तुमच्याच कंपनीचं किंवा सुरक्षा उत्पादनाचं नाव असेल, तर वाहतूक मध्ये उलगडली जाते आहे. अशा कॉम्प्युटरवर खाजगी व्यवहार करू नका. वकिलाशी, डॉक्टरशी, संघटनेशी बोलायचं ते स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या इंटरनेटवरून.

एचआरला मेलवरच चार प्रश्न विचारा: कोणत्या नोंदी ठेवता, किती दिवस, मजकूर कोण आणि कोणाच्या मंजुरीने उघडतं, आणि उघडल्यावर मला कळवता का. नोकरी सोडताना स्वतःच्या जीमेलवर कामाच्या फायली पाठवायचा मोह टाळा, त्या तुम्हीच बनवलेल्या असल्या तरी. राजीनाम्याआधीच्या काही आठवड्यांत खाजगी पत्त्यावर गेलेल्या अटॅचमेंट हाच चौकशीतला सगळ्यात पहिला शोध असतो. पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र असे तुमचे स्वतःचे कागद हवे असतील तर एचआरकडे यादी देऊन लेखी मागा आणि त्यांच्याकडून तुमच्या खाजगी पत्त्यावर पाठवून घ्या.